न खणलेल्या तिसऱ्या

माणेखोलच्या खाडीत ओहोटीला चाळीसेक बायका तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला उतरतात, पण त्या वाजवणारी बाई एकच असते. एकवीस वर्षं ती मी होते. माझ्याआधी माझी आई होती.

तिसरी चिखलात मरते तेव्हा कधीकधी तिच्या दोन्ही शिंपा मिटलेल्याच राहतात आणि आत काळा चिखल भरतो. वरून बघून ब्रह्मदेवालाही ओळखता यायचं नाही. अशी एक जरी कालवणात गेली, तरी अख्खं टोप ओतून द्यावं लागतं आणि वर घरच्यांची बोलणी खावी लागतात ती वेगळीच. म्हणून दोन तिसऱ्या हातात घेऊन एकमेकींवर वाजवायच्या. भरलेली जिवंत तिसरी टक्क वाजते, चिखलाची थप्प वाजते. लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात त्या दोन आवाजांच्या मधे दहा आवाज असतात आणि ते ऐकायला कान लागतो. माझी धाकटी बहीण उर्मिला हिला मी लहानपणी दोन वर्षं शिकवलं, तिला तो कान शेवटपर्यंत आला नाही. म्हणूनच तू शास्त्रज्ञ झालीस, असं मी तिला चिडवायचे.

ओहोटी संपता संपता सगळ्यांच्या पाट्या वाजवणारीपुढे येतात. ती ज्या फेकेल त्या फेकल्या, कुणी हुज्जत घालत नाही. तिच्यावर बंधन फक्त एक. जो चिखल तिच्या हाताला लागलेला नाही, त्यातली तिसरी तिने वाजवायची नाही. हा काही सोवळ्याओवळ्याचा प्रकार नव्हे. चिखल पातळ आहे की घट्ट, पाणी गोडं झालंय की खारं, यावर आवाज बदलतो. हात घातला नसेल तर कान फसतो.

एकवीस वर्षांत मी हा नियम एकदाच मोडला, आणि तो उर्मिलासाठी मोडला.

दहा वर्षांपूर्वीची, म्हणजे दोन हजार तेहेतीस सालची गोष्ट. उर्मिला पुण्याहून डॉक्टरेट आणि तीन काचेच्या बरण्या घेऊन आली. बरण्यांत आमच्याच खाडीचा चिखल होता. मी म्हटलं, एवढी शिकून चिखलच आणलास होय? ती हसली आणि तिने बरणी उजेडात धरली. चिखलात केसाहून बारीक पांढरट दोरे उभे दिसत होते. ते जंतू होते. हजारो जंतू एकाला एक चिकटून एक दोरा होतो, आणि तो दोरा म्हणजे चक्क विजेची तार.

तिने मला जे समजावलं ते मी पुढे शंभर पाहुण्यांना समजावलं आहे, त्यामुळे आता तोंडपाठ आहे. जगणं म्हणजे इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण. आपण जेवतो तेव्हा अन्नातून इलेक्ट्रॉन निघतात. पेशीच्या आत एक रेणू ते दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, पंगतीत पत्रावळ्या हातोहात पुढे सरकवतात तसे. शेवटी ते घ्यायला प्राणवायू बसलेला असतो. या सरकवण्यात जी ऊर्जा सुटते तिच्यावर आपण जगतो. श्वास कोंडला की घेणारा उठून जातो, आणि पंगत जागच्या जागी थांबते. आता चिखलातल्या जंतूची पंचाईत अशी, की त्याचं अन्न खाली असतं. खालच्या काळ्या चिखलात सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, त्या गंधकाच्या वायूत भरपूर इलेक्ट्रॉन असतात. पण प्राणवायू असतो वरच्या नखभर थरात. म्हणून या जंतूंनी दोरा केला. खालचं टोक जेवतं, वरचं टोक श्वास घेतं, आणि मधल्या दोऱ्यातून इलेक्ट्रॉन वर चढत राहतात.

उर्मिलाचा शोध एवढाच, की वर प्राणवायूच्या जागी कोळशाच्या धाग्यांची चटई अंथरली तर दोरे आपले इलेक्ट्रॉन तिला देतात. चटई प्राणवायूपेक्षा भरवशाची. भरती असो, ओहोटी असो, ती घेतच राहते. खालच्या टोकाची चंगळ होते, दोरे जाड होतात, खोल जातात, हातभर वाढतात. आणि चटईला तार जोडली की फुकट चाललेली वीज आपल्याला मिळते. खाडी स्वच्छ, वास गायब, धूर नाही, धरण नाही. सांगताना तिचे डोळे चमकत होते. मला तिचा इतका अभिमान वाटला, की मी शेजारणींना बोलावून त्या बरण्या दाखवल्या.

पण खाडीचा तो पट्टा आम्हा बायकांच्या समितीच्या नावावर आहे. आमच्या संमतीशिवाय चटई अंथरता येत नव्हती. पहिल्या बैठकीत भागीकाकींनी एकच प्रश्न विचारला. भागीकाकी आमच्यात सगळ्यांत मोठ्या, खाडीत उतरायला लागून पन्नास वर्षं झालेल्या. चटईखालची तिसरी जगेल काय, एवढंच त्यांना हवं होतं. उर्मिला म्हणाली, वर्षभर एका तुकड्यावर प्रयोग करून दाखवते. भागीकाकी म्हणाल्या, "वर्षान सुगंधा वाजवून बघतली. ती होय म्हणतली तर आमी अंगठो देतलव." सुगंधा म्हणजे मी.

वर्ष झालं. दुसरी बैठक रविवारी ठरली, आणि त्याच आठवड्यात कालवाच्या शिंपेच्या धारेने माझा तळपाय चिरला. सहा टाके पडले. चिखलात पाय घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बैठक पुढे ढकलावी असं मी म्हटलं होतं. उर्मिला म्हणाली, सरकारी परवानगीची मुदत संपते आहे, मी स्वतः चटईखालच्या तिसऱ्या खणून आणते, तू इथेच पडवीत वाजव. तिने स्टीलच्या डब्यातून पन्नास तिसऱ्या आणल्या. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला. माझ्या मनात नियम आला नाही असं नाही. पण सख्खी बहीण, माझ्याच हाताखाली चिखल खणायला शिकलेली, तिच्यावर संशय घ्यायचा? मी एकेक जोडी वाजवली. सगळ्या टक्क. मी म्हटलं, "खणखणीत आसत गो."

रविवारी चाळीस जणींनी सह्या-अंगठे दिले. मी न खणता वाजवल्या, हे मी बैठकीत सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

पुढची सात वर्षं छान गेली, हे मान्य करायला हवं. चटया पसरत पसरत पट्ट्याच्या दोन तृतीयांश भागावर गेल्या. गावात बर्फाचा कारखाना आला, मासळी टिकायला लागली. वादळात सगळा तालुका अंधारात असायचा तेव्हा आमच्या पाखाडीच्या पायऱ्यांवर दिवे असायचे. खाडीकाठी संशोधन केंद्र झालं, उर्मिला त्याची प्रमुख झाली, आणि मला तिथे क्षेत्र सहायक म्हणून नोकरी लागली. काहीजणी कुजबुजल्या की एका शब्दाची नोकरी मिळाली. मी कानाआड केलं. बारावी शास्त्र झालेल्या बाईला काम मिळालं तर बिघडलं कुठे?

केंद्राने एक यंत्रही बनवलं. त्याचं नाव त्यांनी 'कान' ठेवलं. दर पंधरवड्याला मी पट्ट्यातून पन्नास तिसऱ्या खणायच्या, यंत्रापुढे वाजवायच्या आणि कोणती कशी वाजली ते बोलायचं. माझ्या कानावरून यंत्राचा कान तयार होत होता. मला त्याची मोठी मौज वाटायची. पाच वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा म्हटलं, की आवाज मऊ येतोय. टक्क आहे, पण कोरडं टक्क नाही, मातीच्या कपासारखं आहे. उर्मिलाने मान डोलावली आणि सांगितलं, यंदा पाऊस जास्त झाला, पाणी गोडं झालं की असं होतं. पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला. तेव्हा ती म्हणाली, खारेपणा वाढला. मी तेही मानलं.

मग दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात एका सकाळी चटईच्या कडेला माझ्या टाचेखाली काहीतरी कुरकुरलं. वाकून बघितलं तर जिवंत तिसरी होती. एरवी तिसरीवर बाई उभी राहिली तरी शिंप दाद देत नाही. ही पापडासारखी चुरली होती. मी आणखी दहा उकरल्या. त्यांतल्या चार नखाने खरवडल्या तर भुगा निघाला.

मी केंद्रात आले ती सरळ 'कान'पुढे बसले. जुने आवाज ओळीने ऐकायचे आणि कधीपासून बिघडलं ते शोधायचं, एवढंच मनात होतं. वर्षावर्षाने मागे जात मी अगदी पहिल्या नोंदींवर पोचले. यंत्राला शिकवायला उर्मिलाने आपल्या मोबाईलमधली जुनी रेकॉर्डिंगही त्यात घातली होती. त्यांत माझा आवाज निघाला. मागे आमच्या पडवीतला पंखा कुरकुरत होता आणि मी म्हणत होते, "खणखणीत आसत गो."

नोंदीत जागा लिहिली होती : पलीकडचा किनारा, नियंत्रण नमुना.

नियंत्रण म्हणजे जिथे प्रयोग केलेलाच नाही अशी, तुलनेसाठी घेतलेली जागा. इतकी वर्षं केंद्रात काढल्यावर एवढं मला कळतं. त्याच दिवसाची दुसरी नोंद खाली होती. जागा, चटईखालची. वाजवणारी, उ. तांडेल. त्या पन्नास मी ऐकल्या. उर्मिलाच्या आडदांड हाताने वाजवलेल्या होत्या, तरी आवाज मऊ होता. शेवटी तिने शिंपांची जाडी मोजून लिहिली होती. नेहमीपेक्षा अकरा टक्क्यांनी कमी.

मी तीनदा ऐकलं. कुणी आपल्या घरात शिरून आपलेच कपडे घालून गावात फिरून यावं, आणि आपल्याला सात वर्षांनी कळावं, तसं मला वाटलं.

उर्मिला दुपारी बाहेरगावहून आली. मी तिच्या खोलीत जाऊन दोन्ही रेकॉर्डिंग लावली. तिने नाकारलं नाही. खुर्चीत बसली आणि समजावायला लागली, ते पुण्याच्या मराठीत. घरची भाषा सोडून ती पुस्तकी बोलायला लागली की तिला काहीतरी पटवायचं असतं, हे मला तिच्या शाळेपासून ठाऊक आहे.

खालचं टोक इलेक्ट्रॉन काढून घेतं तेव्हा मागे आम्ल उरतं, असं ती सांगत होती. एरवी वरचं टोक प्राणवायूशी मिळून ते आम्ल पुन्हा संपवतं, हिशेब बराचसा फिटतो. पण वर चटई बसली की इलेक्ट्रॉन तारेने निघून जातात आणि आम्ल तिथेच साचत राहतं. शिंपा चुन्याच्या. आम्ल चुना खातं. ते किती वेगाने होईल याचा अंदाज तिने वीस वर्षांचा धरला होता. तोवर उपाय निघेल अशी खात्री होती.

मी विचारलं, "तुका आगळाची वाटी आठवता?"

आम्ही लहान असताना आईच्या कोकमाच्या आगळात शिंप टाकून बुडबुडे बघत बसायचो. चार दिवसांनी शिंप नखाने सोलून निघायची. शिंप खंय गेली, म्हणून सहा वर्षांची उर्मिला रडली होती. तिने पुढे आयुष्यभर जे केलं त्याची सुरुवात त्या वाटीत होती, असं ती स्वतःच मुलाखतींत सांगते.

"तुला खरं सांगितलं असतं तर तू हो म्हटलं नसतंस," ती म्हणाली.

"म्हणान तू माका विचारूकच नाय."

मला रडायचं नव्हतं, पण रडू आलं. शिंपांचं मला तेव्हा सुचलंही नाही. तिला कान नव्हता, म्हणून तिने माझा वापरला, आणि माझ्या तोंडून चाळीस घरांना फसवलं, हे मला सहन होत नव्हतं. कुणा परक्याने केलं असतं तर मी त्याला शिव्या तरी घातल्या असत्या.

मी निघाले तेव्हा तिने दार अडवलं. तिचं म्हणणं, आत्ता बायकांना सांगितलंस तर त्या रागाने चटया उपटतील, आणि मग सगळंच मरेल. दोरे सात वर्षं चटईवर पोसून माजले आहेत. चटई एकदम काढली तर ते पुन्हा प्राणवायूवर येतील आणि एवढे मिळून वरच्या पाण्यातला सगळा प्राणवायू ओढून घेतील. तिसऱ्या दोन भरत्यांत गुदमरतील. वीज हळूहळू कमी करत, दोरे रोडावत न्यायला दोन वर्षं लागतील. दोन वर्षं फक्त गप्प राहा, मी सगळं निस्तरते, असं ती हात जोडून म्हणाली.

तो दिवस आणि दुसरा दिवस मी घरातून बाहेर पडले नाही. ती जे सांगत होती ते खरं असेल तर बोलण्याने पट्टा मरणार होता. गप्प राहिले तर दर ओहोटीला चाळीस पाट्या माझ्यापुढे येणार होत्या, आणि मी मुकाट त्या वाजवणार होते. मग तिच्यात आणि माझ्यात फरक काय राहणार होता?

तिसऱ्या दिवशी ओहोटीला बायका पाट्या घेऊन आल्या तेव्हा मी तिसरी हातात घेतली नाही. उभं राहून सगळं सांगितलं. स्टीलचा डबा, टाके पडलेला पाय, पलीकडचा किनारा. चटया का उपटायच्या नाहीत, तेही सांगितलं.

भागीकाकींनी विचारलं, "त्यो तू खणूक नाय?"

मी नाही म्हटलं.

"आणि चटई उपटली तर तिसऱ्यो मरतले म्हणतंस. ह्या तरी तुया सवता खणलंस, की बहिणीन हातात दिल्यान?"

तेही उर्मिलाचंच ऐकलेलं होतं. सात वर्षांनी मी पुन्हा न खणलेली तिसरी खणखणीत म्हणून विकायला उभी होते.

शेवटी भागीकाकींनीच ठरवलं. कडेची एक चटई, दोन घोंगड्यांएवढी, आम्ही सगळ्यांनी मिळून उपटली आणि केंद्राकडे ढुंकून न बघता घरी आलो. दुसऱ्या दिवशी ओहोटीला जाऊन पाहिलं. त्या तुकड्यातल्या तिसऱ्या चिखलातून वर येऊन आ वासून पडल्या होत्या. एवढ्याशा जागेत पाच पाट्या भरल्या. त्या दिवशी मात्र मी हात घालून खणल्या, आणि उर्मिला याबाबतीत खरं बोलली होती एवढं सिद्ध झालं. त्याने मला काडीचंही समाधान झालं नाही.

समितीने करार नव्याने लिहून घेतला. वीज कधी किती कमी करायची ते बायका ठरवणार, आणि दर पंधरवड्याला चिखलातलं आम्ल त्यांच्यासमोर मोजलं जाणार. उर्मिलाने आपली लबाडी लेखी कबूल केली. तिचं प्रमुखपद गेलं, पण वीज उतरवायचं काम तिच्याशिवाय कुणाला जमणारं नव्हतं, म्हणून ती राहिली. मी नोकरी सोडली. बर्फाचा कारखाना आता दिवसाआड चालतो आणि त्याबद्दलही लोक मलाच बोलतात.

मला वाजवणारीच्या जागेवरून कुणी काढलं नाही. तसं कुणी म्हटलंही नाही. पण पुढच्या ओहोटीला मी नेहमीच्या खडकावर जाऊन बसले, तर माझ्यापुढे पाटी आली नाही. बायका जागच्या जागी उकिडव्या बसून आपापल्या तिसऱ्या वाजवत होत्या. कान असलेल्या आणि नसलेल्या, सगळ्याच. भागीकाकींना तर धड ऐकूही येत नाही, तरी त्या वाजवत होत्या. पूर्वी खाडीवर एकच टकटक यायची. आता चाळीस ठिकाणांहून येते.

काल उर्मिला घरी आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. पडवीच्या पायरीखाली उभी राहिली, वर आली नाही. ओंजळीत दहाबारा तिसऱ्या होत्या.

"ताय, वाजवून बघ गो," ती म्हणाली. "माका आयकाक येणा नाय."

"ह्यो कोणी खणल्यो?"

"मिया. पयल्या चटयेखालच्यो."

पुस्तकी भाषा नव्हती. तिची नखं काळी होती, कोपरापर्यंत चिखल वाळला होता, अंगठ्याला नुकतं चिरलेलं होतं. ती खरं बोलत होती, हे मला न वाजवताच कळत होतं. माझा हात पुढे गेला, आणि मधेच थांबला.

"थंय ठेव," मी म्हटलं.

तिने तिसऱ्या पायरीवर ठेवल्या. मी आत जाऊन पाटी आणि खुरपं घेतलं, तिच्या बाजूने खाली उतरले आणि पहिल्या चटईच्या जागेवर माझी मी खणायला गेले.